अकरा अंडी आणि एक खिळा

आमचा कोंबडा धुळवडीला रश्श्यात गेला आणि पाडव्याच्या तीन दिवस आधी कबरी खुडूक बसली. ज्यांनी घरी कोंबड्या पाळल्यात त्यांना यातली गोम लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं विस्तारानं लिहितो. कबरी ही आमची कोंबडी, आणि खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसलेली.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरी पाच गावरान कोंबड्या. पाचही मायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, कोंबड्यांशी माझा संबंध ताटापुरता. तेव्हा माय मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला भावाकडे गेलेली. डॉक्टरांनी महिनाभर चुलीचा धूर आणि धूळ टाळायला सांगितलेलं, म्हणजे खेड्यातलं घरच टाळायला सांगितलेलं. जाताना तिनं मला तीन कामं नेमून दिली होती : सांजच्याला कोंबड्या कोंडायच्या, सकाळी सोडायच्या आणि अंडी उचलायची. चौथं काही निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी अंडी उचलायला कोठ्यातल्या टोपल्यात हात घातला आणि कबरीनं मनगटावर चोच हाणली. एरवी ही कोंबडी माणूस आला की पंख झाडत पळणारी. आता ती भाकरीसारखी पसरून बसली होती, मानेची पिसं साळिंदरासारखी उभी, आणि घशातून खुर्र खुर्र असा आवाज. खाली अंडी किती? एकही नाही. आदल्या दिवशीच मी उचलली होती. रिकाम्या टोपल्यात गव्हांड्यावर, म्हणजे गव्हाच्या काड-भुश्यावर, बसून ती बाई काहीतरी उबवत होती.

संध्याकाळी फोनवर मायला सांगितलं.

“कोनती? कबरी?” तिकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, “होळीनंतर बसवत नाई बाप्पा कोनी. ऊन हाय. पन कबरी चांगली बसते. बसव.”

एक सांगायला हवं. आमच्या घरी खुडूक कोंबडी म्हणजे आनंदाची बातमी कधीच नव्हती. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते. तेव्हापासून अंडी बंद. बसवली तर एकवीस दिवस, वर पिल्लं सांभाळायचे दोन महिने. गावरान अंडं आमच्याकडे पंधरा रुपयाला जातं, आणि अंड्याचे पैसे हे मायचे स्वतःचे पैसे. त्याचा हिशेब बाबांनाही कधी मिळाला नाही. त्यामुळे पाचातली एखादीच बसायची, बाकीच्यांची खुडूक मोडायची. कशी, तर कोंबडी पोटापर्यंत गार पाण्यात बुचकळायची, डालग्याखाली उघड्या जमिनीवर दोन-तीन दिवस झाकायची. जास्तच हट्टी निघाली तर तिचंच एक पीस नाकपुड्यांतून आरपार ओवायचं. लहानपणी मी हे पाहिलंय. नाकात पीस घातलेली कोंबडी दिवसभर डोकं झाडत अंगणात फिरायची आणि आम्ही पोट्टे हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

सांगायचं कारण, मोठ्या पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबडीला ही गोष्टच ठाऊक नाही. पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यांच्यातून खुडूकपणा काढून टाकलाय, म्हणूनच तर ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की कोंबडीचं अंडं थांबतं आणि तिला बसावंसं वाटतं. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते, म्हणजे अंड्याला थेट अंगाची ऊब लागते. कबरीला उचललं तेव्हा ती जागा मी पाहिली. लालसर, गरम, तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीइतकी.

आता कोंबड्याची गोष्ट. माय म्हणाली, “घरात कोंबडा नाई, अंडे कायचे बसवतं?” मी म्हणालो, मोबाइलवर वाचलंय, कोंबडी कोंबड्याचं बीज अंगात साठवून ठेवते, पंधरा दिवसांपर्यंत अंडी फळू शकतात. हे खरं आहे, पण पहिल्या आठवड्यानंतर त्याचा भरवसा झपाट्यानं कमी होतो. धुळवड ते पाडवा म्हणजे पंधरवडा. माझ्याजवळची चार अंडी त्या पंधरवड्याच्या दुसऱ्या अर्ध्यातली. मायनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुहे चार ठेव. पन काकूच्या घरून सात आन.”

शेजारच्या काकूंकडे तुऱ्याचा मोठा लाल कोंबडा आहे, पहाटे चारला सगळ्या गल्लीला उठवणारा. काकू फुकट अंडी देणाऱ्या नाहीत. “बटईनं देतो,” त्या म्हणाल्या. अंडी त्यांची, कोंबडी आमची, पिल्लं निम्मी-निम्मी. वावर बटईनं देतात, बकऱ्या देतात, तशी अंडीही. बोलणी दारातच झाली, कागद-बिगद काही नाही. काकूंनी सात अंडी पदरात आणली, एकेक कानाशी हलवून मला दिली. आत काही डुचमळलं की अंडं जुनं. एक त्यांनी स्वतःच परत नेलं आणि दुसरं आणून दिलं.

अकराच का, हेही विचारलं मी. हिवाळ्यात नऊच ठेवायची, कारण कडेची अंडी गार पडतात. उन्हाळ्यात दोन जास्त चालतात. उन्हाळ्याची अडचण वेगळीच असते. अंडं वीस-एकवीस अंशांच्या खाली असलं तर आतला जीव झोपलेला राहतो, म्हणून आठवडाभर जमवलेली अंडी एकाच दिवशी बसवली की एकाच दिवशी फुटतात. आमच्याकडे मार्चअखेर घरातच बत्तीस-तेहतीस अंश. अंडं शेल्फवर ठेवल्या ठेवल्या अर्धवट जागं होतं, धड वाढत नाही, धड झोपत नाही, आणि मरतं. माय ती पाण्याच्या रांजणामागे ओल्या वाळूच्या परातीत ठेवायची, टोक खाली करून. मला आजवर वाटायचं, मांजरापासून लपवते.

माझ्या मुलीनं, पाचवीत आहे ती, अंड्यांवर पेन्सिलीनं नंबर घातले. एक ते चार आमची, जुन्यापासून नव्याकडे, पाच ते अकरा काकूंची. शिवाय प्रत्येकावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल. पेन्सिलच हवी, स्केचपेनची शाई कवचातून आत मुरते.

कोठ्यावर टिनं आहेत, दुपारी तिथे माणूसही उबेल. म्हणून जागा बदलली. घराच्या मागच्या अंगाला जुनी मातीची खोली आहे, वर कवेलू, भिंती दीड हात जाड. टोपल्याच्या तळाशी चुलीतली चाळलेली राख, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर गव्हांडा, मधे थोडा खळगा. राख आणि पाला उवांसाठी. एकवीस दिवस एका जागी बसणाऱ्या कोंबडीच्या अंगावर उवा अशा काही माजतात की ती अंडी टाकून पळते. “रातीच बसवजो,” माय म्हणाली होती. “उजेडात हलवशीन तं घर सोडन.”

पाडव्याच्या रात्री नऊला, गुढी उतरवून जेवणं झाल्यावर, मी कबरीला दोन्ही हातांनी छातीशी धरून अंधारात नेलं. मुलगी मोबाइलच्या टॉर्चवर बोटं धरून मागे. कबरीला अंड्यांवर ठेवलं. ती क्षणभर उभी राहिली. मग चोचीनं एक अंडं आपल्याकडे ओढलं, दुसरं ओढलं, अंग डावीकडे-उजवीकडे हलवत खाली बसली, आणि पिसं अशी सोडली की एकही अंडं दिसेना.

“खिळा ठेवला काय?” फोनवर पहिला प्रश्न.

अंड्यांखाली लोखंडाचा खिळा ठेवायचा. का, तर वीज कडाडली की अंडी नासतात, लोखंड असलं की नासत नाहीत. मी विज्ञान शिकवतो, माझा यावर काडीचा विश्वास नाही. मी चार इंची खिळा शोधला आणि गव्हांड्यात खुपसला.

तिसऱ्या-चौथ्या रात्री अवकाळी आला. वीज अशी कडाडली की कवेलू हलले, लाइट गेली ती सकाळपर्यंत. त्याच रात्री आमच्या शाळेतले एक सर थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून तीस अंडी उबवत होते. बिचाऱ्यांनी रात्रभर पेटीवर गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या भरून भरून आत ठेवल्या. ३७.५ अंशांचा काटा सांभाळायचा म्हणजे काय ते त्यांना विचारा. त्यांची शेवटी चार निघाली. मी कंदील घेऊन खोलीत गेलो तर कबरीनं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, मिटला.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठी काळजी, ती उठतच नव्हती. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. पाणी, चार दाणे, धुळीत लोळणं, आणि दिवसभर दाबून ठेवलेली विष्ठा. तिचा आकार आणि वास यावर मी इथे लिहिणार नाही. पण कबरी दोन दिवस उठली नाही. माय म्हणाली, उचलून पाण्याजवळ ठेव. मी उचलली आणि खाली पाहतो तर तिच्या उजव्या पंखात एक अंडं धरलेलं. आणखी वीतभर वर उचललं असतं तर खालच्या अंड्यांवर पडून दोन-तीन फुटली असती. हे मायनं सांगितलं नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, “हे बी सांगा लागते काय? पंखाखाली हात घालून पायत जाय.” आयुष्यभर जे हातांनी केलं ते फोनवर सांगताना तिला कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं, आणि मला काय विचारावं ते.

मुलीचा अभ्यास वेगळाच चालला होता. रोज कबरी उठली की ती फुल्या आणि गोल मोजायची. सकाळी सात फुल्या वर, संध्याकाळी चार. कोंबडी दिवसभर चोचीनं अंडी फिरवते, कडेची मधे घेते, मधली कडेला ढकलते. फिरवली नाहीत तर आतला गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. तिच्या वहीत त्या काळाची पानंच्या पानं आहेत, गणिताच्या वहीत, त्यामुळे तिच्या बाईंचीही सही आहे खाली.

त्या वर्षी एका तिथीचा क्षय होता, रामनवमी पाडव्यानंतर बरोबर सातव्या दिवशी आली. गावातून रामाची पालखी गेल्यावर रात्री आम्ही अंडी पाहिली. बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, मागे टॉर्च, पुढे अंडं, खोलीत काळोख.

काकूंचं सहा नंबरचं अंडं उजेडावर धरलं आणि मुलगी म्हणाली, “बाबा, कोळी!” खरंच कोळी. मधे एक काळा ठिपका, त्यातून चहूबाजूंना लाल बारीक शिरा, आणि तो ठिपका हलत होता. हृदय तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू झालेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी अंडी फोडून लिहून ठेवलंय, तीन दिवसांनी रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो उड्या मारतो. आम्हाला फोडावं लागलं नाही.

काकूंची सहा भरली होती, एक कोरं. आमच्या चारांपैकी दोन, तीन, चार कोरी, आरपार पिवळा उजेड. आणि एक नंबर, सगळ्यात जुनं, त्यात कोळी. म्हणजे ज्याचा रस्सा आम्ही धुळवडीला खाल्ला, त्याचं. बायको चुलीपुढून म्हणाली, “बापाला खाल्लं, आता पोराला जगवा.” पुढचे दोन दिवस तिनं घरात अंडाकरी केली नाही.

कोरी चार काढली, राहिली सात. हनुमान जयंतीला पुन्हा पाहिली, तर नऊ नंबरात नुसता गढूळ डाग, हालचाल नाही. तेही काढलं. ते लांब नेऊन पुरलं, कारण असं अंडं उन्हात फुटलं की आठवडाभर त्या बाजूनं जाववत नाही. राहिली सहा. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा डीजे आमच्या घरावरून गेला तेव्हा भिंतीची माती झडत होती. कबरी जागची हलली नाही.

मग ऊन आलं. पारा ४४ वर. आता कबरीचं काम ऊब देण्याचं राहिलं नव्हतं, तापू न देण्याचं होतं. ती टोपल्यात अर्धवट उभी राहायची, पंख अंगापासून सोडलेले, चोच उघडी, गळा थरथरतोय. मायच्या सांगण्यावरून टोपल्याखाली ओलं पोतं घातलं, दर दोन तासांनी भिजवायचं, भिंतींवर पाणी मारायचं, पण थेंबही अंड्यावर उडू द्यायचा नाही. दुपारच्या सुटीत सायकल हाणत घरी येऊन मी पोतं भिजवत होतो. पोरं वर्गात विचारायची, सर कुठे जातात? सर कोंबडीला पाणी मारायला जातात.

अठराव्या दिवशी माझं आणि मायचं भांडण झालं. उबवणीवाले शेवटच्या तीन दिवसांना लॉकडाऊन म्हणतात, २०२० च्या कितीतरी आधीपासून. अंडी फिरवायची नाहीत, हात लावायचा नाही, ओलावा वाढवायचा. आणि माय म्हणत होती, कोमट पाण्यात सोडून पाय, जितं असन ते डुलते. मी म्हणालो, आत पाणी गेलं तर? ती म्हणाली, चिरी पडल्यावर नाई टाकाचं, आज चिरी नाई. शेवटी टाकली. पाच अंडी पाण्यावर बोथट बाजू वर करून डुलायला लागली, कोणी आतून धक्के देतंय अशी. एक नंबर गप्प. तसंच तरंगत राहिलं, शहाण्यासारखं.

“ते मेलं,” माय म्हणाली. “काढून टाक.”

मुलगी रडायला लागली म्हणून मी ते पुसून परत ठेवलं. बाकी कारण काही नाही.

विसाव्या दिवशी पहाटे खोलीत गेलो तेव्हा कबरीचा आवाज बदललेला होता. खुर्र नाही, हळू आवाजात कुक्, कुक्, आपल्याशीच बोलल्यासारखं. आणि तिच्या खालून कोणीतरी उत्तर देत होतं. कवच शाबूत, एकाही अंड्याला चीर नाही, आणि आतून चिवचिव. पिल्लू आधी आतला पडदा फोडून अंड्याच्या बोथट बाजूच्या हवेच्या कप्प्यात चोच घालतं, पहिला श्वास तिथे घेतं, म्हणून आवाज येतो. मी मायला फोन लावला आणि मोबाइल कबरीच्या पोटाजवळ धरला. कबरीनं मोबाइलला चोच मारली. पलीकडे अमरावतीला भावाच्या फ्लॅटमध्ये, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून, माय ऐकत होती. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

“दोन-तीन हायेत बोलनारे,” ती म्हणाली. “आता जाय तिथून. दार लावून घे.”

मी दार लावलं. पण दर तासाला उघडलं.

सगळ्यात आधी कोण निघालं? एक नंबर. संध्याकाळी कबरीच्या पंखातून काळं, पोटाशी पिवळं, ओलं डोकं बाहेर आलं. चोचीच्या टोकावर तो पांढरा दात, कवच फोडायचा, दोन-चार दिवसांत गळून पडणारा. मायला सांगितलं. “झोपलं असन तवा,” ती म्हणाली, आणि त्या पाण्याच्या परीक्षेचा विषय त्यानंतर आमच्यात निघाला नाही. रात्रीपर्यंत सहा आणि अकरा नंबरही निघाले, पहाटे सात.

आठ नंबरला रात्री आठला चीर पडली होती. सकाळी दहालाही तेवढीच चीर. आतून चिवचिव चालू, पण बारीक होत गेलेली. भोकातून दिसणारा पडदा वाळून कागदासारखा झालेला, पिवळट. मी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हीत गोरी माणसं चिमट्यानं कवच सोलतात आणि पिल्लू हसत बाहेर येतं. मायला फोन केला तर भाऊ म्हणाला, तपासणीला नेलंय. खोलीत हवा भट्टीसारखी कोरडी होती. पोतं भिजवायला मला सकाळी उशीर झाला होता, ते मला माहीत होतं, आणि बहुतेक त्यामुळेच माझ्यानं राहवलं नाही.

कबरीखालून अंडं काढलं. बोट कोमट पाण्यात बुडवून पडदा ओला केला. चिरीच्या कडेनं नखानं कवचाचा एक तुकडा काढला, तिळाएवढा. काही झालं नाही. दुसरा काढला. पिल्लाची चोच दिसली, उघडमीट करत होती. तिसरा जरा मोठा निघाला, आणि त्याखाली पडद्यावर लाल रेघ उमटली, आधी केसासारखी, मग थेंब. थांबायला हवं होतं. मला वाटलं, आता लवकर काढायला हवं. काढलं. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी अजून अर्धी बाहेर होती. शेवटच्या दिवसांत पिल्लू ती पोटात ओढून घेतं, त्याच शिदोरीवर बाहेर आल्यावर दोन दिवस दाण्या-पाण्याशिवाय जगतं. ते निवांत होईपर्यंत, पडद्यातल्या शिरांतलं रक्त अंगात जाईपर्यंत, ते चीर पाडून चोवीस तास नुसतं पडून राहतं. त्याला मी अडकलं म्हणत होतो. ते थांबलं होतं.

माझ्या तळहातावर ते तासभर होतं. मुलीला मी बाहेर पाठवलं.

दुपारी मायचा फोन आला. सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं.

“रगत दिसलं तवा थांबाचं होतं,” ती म्हणाली. मग, “खोल गाड. वरून दगड ठेवजो. मांजर चटावलं तं बाकीचेई नाई ठेवनार.”

दहा नंबर फुटलंच नाही. दोन दिवस वाट पाहून कबरी चार पिल्लं घेऊन स्वतःच टोपल्यातून उतरली आणि त्या अंड्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. पिल्लांना कण्या आणि बारीक ज्वारी, पाणी उथळ बशीत, बशीत गोटे टाकून, नाहीतर बुडतात. सातव्या दिवशी मानमोडीची लस. कागदावर या रोगाला रानीखेत म्हणतात. मी लहान असताना एका उन्हाळ्यात मानमोडी आली आणि आठ दिवसांत गल्लीत कोंबडा आरवेनासा झाला. लासोटा नावाच्या या लशीची कुपी शंभर मात्रांची, पिल्लं आमची चार, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांची पिल्लं डालग्यांतून आमच्या ओसरीवर गोळा केली. बर्फात ठेवलेल्या कुपीतून डोळ्यात एकेक थेंब. मुलगी धरत होती, मी टाकत होतो. बाराव्या दिवशी मुंगसानं सात नंबर नेलं, दिवसाढवळ्या, कबरीनं त्याच्या तोंडावर झेप घेतली तरी. राहिली तीन.

माय काळा चष्मा लावून मे महिन्यात परत आली. एसटीतून उतरल्यावर पिशवी माझ्याकडे दिली, सरळ मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या टोपल्यात हात घालून गव्हांडा चाचपला. खिळा सापडला. पदरानं पुसून तिनं तो कोनाड्यात ठेवला.

जूनमध्ये पेरणी खोळंबली होती, पाऊस येतो-येतो करत होता. कबरी पिल्लांना टोचून दूर करायला लागली, म्हणजे ती मोठी झाली. तेव्हा काकू वाटणीला आल्या. मी प्रामाणिकपणे सांगितलं : त्यांच्या अंड्यांतली तीन स्वतः निघाली, एक माझ्या हातानं गेलं, एक मुंगसानं नेलं. आता त्यांच्यातली दोन आहेत आणि एक नंबर आमचा.

काकूंनी ओसरीवर बसून बोटं मोजली. “मुंगसानं नेलं ते दोघाईचं गेलं,” त्या म्हणाल्या. “पन मास्तरानं मारलं ते मास्तराच्या वाट्याचं.”

मी काही बोललो नाही. मुलीनं पाटीवर मांडलं : दोन जिवंत, एक मास्तरांचं, मिळून तीन, निम्मे दीड.

“दीड कसं नेता?” मी विचारलं.

“दोन नेतो,” काकू म्हणाल्या, आणि नेली. दुसऱ्या दिवशी पाच अंडी घेऊन आल्या. अर्ध्या पिल्लाची किंमत. मायनं ती मोजून घेतली. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक नंबरला तोवर तुरा फुटायला लागला होता. कोंबडाच निघाला. अजून आवाज नाही, आरवायला जातो आणि ठसका लागल्यासारखं करतो. येत्या धुळवडीचा विषय मुलीनं आत्ताच काढलाय, आणि बायकोनं तिला शब्द दिलाय.

आणि परवा, पाडव्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांनी, कबरीनं अंडं दिलं. मुलीनं ते कोठ्यातून पळत आणलं, गरम होतं. पेन्सिल कुठे आहे म्हणून शोधायला लागली. मायनं तिच्या हातातून घेतलं, कानाशी हलवलं, चष्मा वर करून उन्हाकडे धरलं.

“घरात कोंबडा कुठी हाय मोठा?” ती म्हणाली. “याच्यात कोनी नाई. तळून खाय.”